आयपी ॲड्रेस आणि नकाशावरचा बिंदू

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, पॉटविन या छोट्या गावाजवळच्या एका शेतघरी अनेक वर्षे पोलीस, केंद्रीय तपास अधिकारी आणि इंटरनेटवर फसवले गेलेले संतप्त लोक येऊन धडकत असत. त्या घरातील माणसांचा यांपैकी कोणत्याही प्रकरणाशी संबंध नव्हता. खरे कारण २०१६ साली एका पत्रकाराच्या शोधातून बाहेर आले. आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून, ठिकाण सांगणारी माहिती विकणाऱ्या मॅक्समाइंड या कंपनीने, ‘अमेरिकेत आहे’ यापलीकडे ज्यांच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते अशा ॲड्रेसपुढे ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम हा देशाच्या मध्याजवळचा पूर्णांकी बिंदू लिहून ठेवला होता, आणि अशा साठ कोटींच्या आसपास ॲड्रेसचा भार त्या एका शेतावर पडला होता. पुढे कंपनीने तो बिंदू एका जलाशयात हलवला. अज्ञान इतक्या नेमक्या आकड्यांत लिहिले की ते ज्ञान वाटू लागते, हा दोष मला यंत्रापेक्षा वाचणाऱ्याचा अधिक वाटतो, कारण अशा माहितीसोबत चुकीची शक्य मर्यादा किलोमीटरमध्ये दिलेली असली, तरी नकाशावरच्या टाचणीपुढे ती कोणी पाहत नाही.

मुळात ॲड्रेसचे गट जागेला नव्हे, तर नेटवर्कला दिले जातात. नोंदणीचे तपशील, संदेश पोहोचायला लागणारा वेळ आणि इतर खुणा जुळवून ठिकाणाचा केवळ अंदाज बांधला जातो. देश बहुधा बरोबर निघतो. घरच्या ब्रॉडबँडचे शहरही पुष्कळदा जुळते. मोबाइलची गोष्ट वेगळी. कणकवलीतल्या फोनची वाहतूक मुंबईच्या गेटवेतून, म्हणजे कंपनीचे जाळे इंटरनेटला जोडणाऱ्या नाक्यातून, बाहेर पडत असेल, तर बाहेरच्या जगाला मुंबईच दिसते, आणि आपली वाहतूक दुसऱ्याच ठिकाणच्या सर्व्हरमार्फत नेणारे व्हीपीएन वापरणाऱ्याचा तर देशही बदलू शकतो. फोनवरचा नकाशा आपल्याला गल्लीपर्यंत ओळखतो, तो जीपीएस, वाय-फाय आणि मोबाइल टॉवरच्या आधारे.

मग पोलीस दारापर्यंत कसे पोहोचतात? ते सेवा देणाऱ्या कंपनीकडे कायदेशीर मागणी करतात आणि तिच्या नोंदींतून ग्राहक शोधतात. येथेही एक अडचण आहे. आयपीव्ही४ या ॲड्रेसच्या जुन्या पद्धतीत एकूण ॲड्रेस सुमारे ४२९ कोटीच असल्याने एकच सार्वजनिक ॲड्रेस पुष्कळदा एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटला जातो, त्यामुळे ॲड्रेससोबत पोर्ट क्रमांक (एकाच ॲड्रेसवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखणारा आकडा) आणि अचूक वेळही लागते. परदेशी सर्व्हरची नोंद पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. हा फरक धरायचा राहिला, तर त्या ॲड्रेसवर भलत्याच ग्राहकाचे नाव निघू शकते. नोंद बिनचूक वाचली तरी हाती येते ते जोडणी घेणाऱ्याचे नाव. त्या घरच्या वाय-फायवर त्या क्षणी भाडेकरू होता, पाहुणा होता की शेजारी, हे आयपी ॲड्रेस सांगत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष उपकरणे तपासावी लागतात.