कोणता गांधी पुतळा?

नमस्कार मंडळी. आज पत्त्याबद्दल बोलू या. पत्रावर लिहायचा पत्ता नव्हे, हात कापत असताना फोनवर सांगायचा पत्ता. मी पुष्कळ वर्षं नकाशे जुळवायचं काम केलं. ॲम्ब्युलन्सच्या किंवा आगीच्या बंबाच्या ड्रायव्हरला स्क्रीनवर जो ठिपका दिसतो, तो नेमका त्या चौकात पडतो की शेजारच्या, हे तपासायचं काम. तर अशा माणसाची फजिती आधी ऐका.

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे मारबतीचा, रोगराई-पिडा घेऊन जा म्हणत मोठमोठ्या बाहुल्यांची मिरवणूक काढून त्या जाळतात तो. नागपुरात इतवारीत मावशीकडे गेलो होतो. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही, खाली रस्त्यावर त्याहून नाही. मावसाजींना साखरेचा आजार. सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं आणि पोह्याची प्लेट तशीच ठेवून गॅलरीत जाऊन बसले, म्हणे मारबत निघून गेली तर? पोहे थंड झाले, वरच्या तर्रीवर साय धरली. अन् थोड्या वेळाने मावसाजी खुर्चीवरून हळूच खाली सरकले. घामाने सदरा चिंब, बोलणं बरळल्यासारखं.

मी एका दवाखान्याला फोन केला. पत्ता? मी म्हटलं, "गांधी पुतळा चौक, लवकर पाठवा." आणि ठेवला फोन. इतकंच. पंधरा मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन.

"भाऊ, पुतळ्यापाशी उभा आहो. बाहेर या."

मी धावत गेलो. "मी पण पुतळ्यापाशीच आहो. तुम्ही कुठं?"

"मले तर नाही दिसून राहिले तुम्ही."

"पांढरा सदरा आहे. बघा, हात वर केला."

"अहो, इथं पन्नास लोकं हात वर करून उभे आहेत!"

मंडळी, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. त्याच्या फोनमधून घोषणा ऐकू येत होत्या, आणि माझ्या कानाशी "घेऊन जा गे मारबत!" चालू होतं. मला वाटलं, आवाज एकाच गर्दीचा आहे. शेवटी तोच म्हणाला, "काऊन भाऊ, तुमच्याकडं आंदोलन कशाचं चालू हाय?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो बर्डीवर, व्हरायटी चौकातल्या गांधींपाशी. मी सेंट्रल अव्हेन्यूवरच्या गांधी पुतळ्यापाशी. मध्ये रेल्वेची लाइन, तिच्यावरचा रामझुला पूल आणि मारबतीची अख्खी गर्दी. पोरगा मौद्याकडचा, कामावर नवा. त्याने फोनमध्ये "गांधी पुतळा" टाकलं, पहिला आलेला धरला. त्याचं काय चुकलं? चुकलं माझं.

मावसाजी शेवटी मेयो हॉस्पिटलात पोचले ते हातठेल्यावर. खाली गल्लीत एक हमाल तुरीची पोती उतरवत होता. त्याने पोती खाली ठेवली, मावसाजी वर ठेवले, आणि "बाजू, बाजू" करत गर्दीतून असा निघाला की सायरनवाल्याला जमलं नसतं. तिथे ग्लुकोज चढवलं. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य काय? "ठेल्यावर फडकं तरी टाकायचं होतं बे, पाठीला तूर टोचली." मग मावशीकडे बघून, "गेलो असतो तर आजचा दिवस चांगला होता, मारबतीसोबतच गेलो असतो." मावशीने आठ दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आता दोन गोष्टी संगणकाच्या. संगणकाला चौक म्हणजे दोन रस्त्यांच्या रेघा जुळतात तो बिंदू. पण बिंदू नेहमी एकच निघतो असं नाही. वर्धा रोड आणि रिंग रोड कुठे भेटतात? तुम्ही म्हणाल छत्रपती चौक. बरोबर. पण बाहेरचा रिंग रोडही वर्धा रोडला भेटतो, तिकडे जामठ्याच्या बाजूला, विमानतळाच्याही पुढे. दोन्ही उत्तरं खरी, गाडी मात्र एकच. आणि वर्धा रोडवरचा तो आपला दुमजली पूल, 3.14 किलोमीटरचा, गिनीजमध्ये नोंद झालेला. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. नकाशावर तिन्हींचा ठिपका एकच. अपघात पुलावर झाला आणि तुम्ही नुसतं "अजनीच्या पुढे" म्हणालात, तर गाडी खालून निघून जाईल, तुमच्या पायाखालून.

म्हणून वस्ती सांगा, चौक सांगा, बाजू सांगा. वस्ती म्हणजे इतवारी की सीताबर्डी. चौक म्हणजे त्याला मिळणाऱ्या दोन रस्त्यांच्या नावांसकट. बाजू म्हणजे पुलावर की पुलाखाली, दुभाजकाच्या अलीकडे की पलीकडे, जाताना की येताना. 112 या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन लावलात तर तो नवी मुंबईतल्या केंद्रातही उचलला जाऊ शकतो. तिथल्या मुलीला बर्डी म्हणजे सीताबर्डी हे का ठाऊक असावं? आणि मोबाइलच्या टॉवरवरून जागा कळते ती वर्तुळाने कळते. त्या वर्तुळात दोन-तीन चौक सहज मावतात. तेव्हा वस्ती, चौक, बाजू. "पानठेल्याजवळ" हे सगळ्यात शेवटी.

नावांचा विषय निघालाच आहे तर बोलून घेतो. चौकांना नवी नावं द्यायचा आपल्याला भारी सोस. पाटी नवी, तोंडात जुनं, नकाशात तिसरंच. पिनकोड कशासाठी आला? एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्या, वेडीवाकडी स्पेलिंगं, यातून पत्र वाट काढेना म्हणून. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी गृहस्थ, संस्कृतात कविता करणारे. आपला 440 ने सुरू होणारा आकडा आपण रोज लिहितो, वेलणकर किती जणांना माहीत? मला फार वाटतं की त्यांच्या नावाचा एक चौक नागपुरात असावा. आणि मग लक्षात येतं, आणखी एक चौक! देशाचा मध्य म्हणून मिरवणाऱ्या झीरो माइलचे घोडे पाहुण्यांना दाखवताना छाती फुगते आपली, आणि तोच पाहुणा घर शोधत आपल्याच गल्लीला तीन चकरा मारतो.

मावशीकडे आता फोनशेजारी भिंतीवर एक कागद आहे. वस्ती, चौक, दोन रस्ते, दारासमोरच्या विजेच्या खांबाचा नंबर. अक्षर मावसाजींचं, मोठं, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. खाली त्यांनी आपल्या मनाने एक ओळ वाढवली आहे: "व्हरायटीवाला गांधी नाही."

तो ड्रायव्हर दिवाळीला मावशीकडे फराळाला आला होता. यायच्या आधी त्याने फोन करून विचारलं, "भाऊ, कोणता?"

नमस्कार.