टायट्रेटरचे आकडे जुळतात, पण बरोबर असतात का?

काचेच्या ब्युरेटवर, म्हणजे द्रव मोजून सोडणाऱ्या खुणांच्या नळीवर, तीन वाचनं घेतली की १०.१, १०.३, १०.१ असं काहीतरी येतं आणि आपण निमूटपणे चौथं घेतो. टायट्रेटरवर, म्हणजे तेच काम आपोआप करणाऱ्या यंत्रावर, तीच वाचनं १०.११८, १०.१२२, १०.११९ अशी येतात आणि चौथं घ्यावं असं कुणाला सुचतही नाही. आकडे एकमेकांना इतके धरून असतात की तिन्ही सारखेच चुकले असतील ही शंकाच येत नाही. आज मी याच शंकेबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या लॅबमध्ये टायट्रेटर आहे, त्यामुळे बटणं कुठली दाबायची ते सांगत बसत नाही.

उदाहरण साधं घेऊ, बाजारातलं पांढरं व्हिनेगर. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे त्यात १०० मिलीला किमान ३.७५ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड हवं. त्याचं टायट्रेशन, म्हणजे आम्ल संपेपर्यंत अल्कली मोजून घालणं, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने करायचं. यंत्रात मोजण्याची कामं दोनच चालतात. पिस्टन ब्युरेट किती आकारमान सोडलं ते मोजतं आणि काचेचा इलेक्ट्रोड किती मिलिव्होल्ट दिसले ते मोजतो. बाकी सगळं गणित. २० मिलीच्या ब्युरेटचे २०,००० भाग पाडले तर एक भाग १ मायक्रोलिटरचा होतो. हा आकडा माहितीपत्रकात ठळक छापतात. पण पिस्टन १ मायक्रोलिटरने सरकला म्हणून टोकातून बरोबर १ मायक्रोलिटर बाहेर आलं असं होत नाही. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर आधी तो दबतो, मग द्रव हलतो.

आता टायट्रंट, म्हणजे ब्युरेटमधून सोडायचं ते सोडियम हायड्रॉक्साइडचं, बोलीत कॉस्टिकचं, द्रावण. माझ्या मते टायट्रेटरच्या निम्म्याहून जास्त तक्रारी बाटलीतल्या कॉस्टिकच्या असतात आणि सर्व्हिस इंजिनियरला बोलावलं जातं यंत्रासाठी. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि कार्बोनेट होतं. म्हणून पेलेट वजन करून थेट ०.१ मोलर करू नका, पेलेटच्या पृष्ठभागावर आधीच कार्बोनेट असतं. वजनाने ५० टक्क्यांचं दाट द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत करून ठेवा. त्यात कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण सुमारे सव्वापाच मिली घ्यायचं आणि उकळून गार केलेल्या पाण्याने एक लिटर करायचं. दाट द्रावण तयार होताना बाटली चांगलीच तापते, तेव्हा गॉगल आणि हातमोजे घालूनच काम करा.

टायट्रंटच्या बाटलीवर जी छोटी नळी बसवतात ती बघा. बऱ्याच ठिकाणी तिच्यात निळं किंवा नारिंगी सिलिका जेल भरलेलं असतं. सिलिका जेल ओलावा धरतं, कार्बन डायऑक्साइड नाही. तिथे सोडा लाइम हवं, आणि तेही रंग बदलला की बदलायला हवं. ब्युरेट दर वेळी भरताना जेवढा टायट्रंट उचलते तेवढीच हवा बाटलीत शिरते. ती त्या नळीतूनच गाळून यायला हवी.

कार्बोनेट झालं तर नेमकं काय बिघडतं? इथे जरा थांबू, कारण हा मुद्दा बहुतेक वेळा अर्धवट सांगितला जातो. दोन रेणू हायड्रॉक्साइड जाऊन एक रेणू कार्बोनेट होतो. व्हिनेगरसारख्या दुबळ्या आम्लाचा शेवट, म्हणजे सगळं आम्ल संपतं तो बिंदू, पीएच ८.५ च्या आसपास येतो. तिथे कार्बोनेट फक्त बायकार्बोनेटपर्यंत पोचतं, म्हणजे त्याची निम्मी ताकद वापरली जाते आणि निम्मी वाया जाते. हायड्रोक्लोरिक ॲसिडचं टायट्रेशन पीएच ४ च्या आसपास थांबवलं तर मात्र कार्बोनेट पूर्ण हिशेबात येतं. म्हणजे एकाच बाटलीची दोन कामांसाठी दोन वेगळी ताकद निघते. केएचपीवर (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, ताकद काढायला वापरतात ते शुद्ध घन आम्ल) काढलेली ताकद व्हिनेगरला चालते, कारण दोघांचे शेवट जवळजवळ आहेत. तीच ताकद तीव्र आम्लाच्या पीएच ४ च्या शेवटासाठी वापरली तर उत्तर सरकतं, आणि तीनही वाचनांत सारखंच सरकतं. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वक्रात, म्हणजे आकारमानापुढे पीएच मांडलेल्या आलेखात, एकाऐवजी दोन उड्या दिसल्या, तर इलेक्ट्रोडवर संशय घेण्याआधी बाटली बदला.

स्टँडर्डायझेशन, म्हणजे टायट्रंटची खरी ताकद काढणं. केएचपी १२० अंश सेल्सिअसला दोन तास सुकवून डेसिकेटरमध्ये गार करा. मोलर वस्तुमान २०४.२२. आकारमान ब्युरेटच्या मधल्या भागात यावं, साधारण १० मिली, म्हणून ०.२ ग्रॅमच्या आसपास घ्या. समजा ०.२०५२ ग्रॅम घेतलं आणि १०.१२ मिली लागले. ०.२०५२ ला २०४.२२ ने भागलं की १.००४८ मिलिमोल, त्याला १०.१२ ने भागलं की ०.०९९२९ मोलर. म्हणजे टायटर, खऱ्या ताकदीचं ०.१ मोलरशी गुणोत्तर, ०.९९२९. अशी निदान तीन वाचनं घ्या, त्यांचं सापेक्ष प्रमाणित विचलन ०.२ टक्क्यांच्या आत बसायला हवं. केएचपी पूर्ण विरघळेपर्यंत टायट्रेशन सुरू करू नका. तळाशी राहिलेले कण मागाहून विरघळतात आणि वक्राचा शेवट ओढला जातो.

तापमानाकडे सहसा कुणी बघत नाही. पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८२ आणि ३० अंशांना ०.९९५६ असते. सकाळी एसी चालू असताना २० अंशांना टायटर काढला आणि दुपारी वीज गेल्यावर ३० अंशांना नमुने चालवले, तर प्रत्येक मिलीत पाव टक्का कमी कॉस्टिक जातं. स्क्रीनवर तिसऱ्या दशांशापर्यंत आकडे छापून येत असताना हा पाव टक्का फार मोठा आहे.

आता नमुना. २.०० मिली व्हिनेगर पिपेटने १०० मिलीच्या बीकरमध्ये घ्या आणि ६० मिली पाणी घाला. पाणी इतकं हवं की इलेक्ट्रोडचा डायफ्रॅम, म्हणजे खालच्या काचेच्या गोळीच्या जरा वर दिसणारा तो बारीक ठिपका किंवा कडं, पूर्ण बुडेल. स्टरर वेगाने फिरवा, पण भोवरा इतका खोल नको की हवा आत ओढली जाईल. ब्युरेटचं टोक द्रवात बुडालेलं हवं. वर राहिलं तर शेवटचा थेंब टोकालाच लटकतो. टोक आणि इलेक्ट्रोड यांची जागाही महत्त्वाची. बाहेर पडलेला टायट्रंट बीकरमध्ये जवळजवळ पूर्ण फेरी मारून मग इलेक्ट्रोडपाशी पोचला पाहिजे. टोकाच्या लगेच पुढे इलेक्ट्रोड असेल तर तो न मिसळलेला कॉस्टिक वाचतो. मग वक्रावर दात दिसतात आणि यंत्र वेळेआधीच शेवट सापडला असं सांगतं.

पद्धत निवडताना डायनॅमिक घ्या. तीत वक्र सपाट असतो तिथे यंत्र मोठे भाग सोडतं, उडीजवळ आलं की लहान, किमान भाग साधारण १० मायक्रोलिटरचा. काही जण हा किमान भाग २ मायक्रोलिटरवर आणतात, बारीक म्हणजे अचूक या समजुतीने. होतं उलटच. इतक्या लहान भागाने पीएच हलतो तो इलेक्ट्रोडच्या गोंधळापेक्षा फारसा जास्त नसतो, आणि वक्राच्या पहिल्या विकलनात (उताराच्या आलेखात) एकाऐवजी तीन टोकं उगवतात. दोन भागांमधली थांबण्याची अट वेळेवर नको, सिग्नल स्थिर होण्यावर ठेवा, उदाहरणार्थ बदल मिनिटाला ५० मिलिव्होल्टपेक्षा कमी झाला की पुढचा भाग. शेवटानंतर आणखी एक-दोन मिली जाऊ द्या. विकलनाचं टोक सापडायला दोन्ही बाजूंचा उतार लागतो.

समजा शेवट १३.१८ मिलीला आला. नुसत्या पाण्याला पीएच ८.५ पर्यंत न्यायला ०.०२ मिली लागले (याला ब्लँक म्हणतात), ते वजा करून १३.१६. त्याला ०.०९९२९ आणि ६०.०५ ने गुणलं की ७८.४७ मिलिग्रॅम, दोन मिलीत. म्हणजे १०० मिलीला ३.९२ ग्रॅम. नमुना पास. टायटर भरायचा राहिला आणि पद्धतीत १.००० तसाच पडून असेल, तर उत्तर ३.९५ येतं. पास तेव्हाही होतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते ३.७६ आणि ३.७३ च्या सीमेवरचा नमुना आल्यावर, आणि तोवर महिनाभराचे रिपोर्ट बाहेर गेलेले असतात.

याच वक्रात इलेक्ट्रोडची एक फुकट तपासणी दडलेली आहे. ॲसेटिक ॲसिडचा पीकेए, म्हणजे निम्मं आम्ल संपतं तेव्हाचा पीएच, ४.७६. शेवट १३.१८ ला असेल तर त्याच्या निम्म्यावर, ६.६ मिलीच्या आसपास, पीएच ४.७ च्या जवळ दिसायला हवा. ५.१ दिसत असेल तर कॅलिब्रेशन बिघडलंय किंवा इलेक्ट्रोड थकलाय. रोजच्या वक्रात हे एक टिंब बघायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत.

इलेक्ट्रोडबद्दल थोडक्यात. २५ अंशांना एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट हा सैद्धांतिक उतार. ९५ टक्क्यांच्या खाली गेला की सफाई, तरी वर आला नाही तर नवा इलेक्ट्रोड. ठेवायचा ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अजिबात नाही. वरचं भरण्याचं बूच टायट्रेशनच्या वेळी उघडं आणि आतल्या द्रावणाची पातळी बीकरमधल्या द्रवापेक्षा वर. नाहीतर नमुना उलटा आत शिरतो. धुतल्यावर टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही. दूध, ताक, सूप अशा नमुन्यांत डायफ्रॅमवर प्रथिनं बसतात, तिथे ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये केलेलं ५ टक्के पेप्सिन काम करतं. काचेचा इलेक्ट्रोड १९०९ मध्ये हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी मांडला, पीएचची कल्पना सोरेनसेननी त्याच वर्षी. तेव्हापासून काचेने एक गोष्ट बदललेली नाही: कोरडी पडली की ती सुस्त होते.

मघाशी एकांनी विचारलं की वक्रावरून शेवट काढायचा असेल तर रोज कॅलिब्रेशन कशाला. प्रश्न योग्य आहे. उडीची जागा ठरते आकारमानाच्या अक्षावर, त्यामुळे पीएच ०.१ ने चुकला तरी व्हिनेगरचं उत्तर हलत नाही. पण ठरावीक पीएचला थांबायची पद्धत असेल तर तो ०.१ थेट उत्तरात उतरतो. नाशिकच्या वायनरीत काम करणाऱ्यांना हे रोज भोगावं लागतं. वाइनच्या एकूण आम्लतेसाठी आंतरराष्ट्रीय संस्था ओआयव्हीची पद्धत पीएच ७.० ला थांबते, अमेरिकेत ८.२ ला. एकाच बाटलीचे दोन आकडे निघतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. म्हणून रिपोर्टवर शेवटचा पीएच आणि आम्लता कुठल्या आम्लाच्या हिशेबात मांडली ते लिहा. आणि वाइनमधला कार्बन डायऑक्साइड आधी व्हॅक्यूमने काढा, नाहीतर त्याचीही आम्लता मोजली जाते.

आता दोष शोधायचा कसा. पहिला प्रश्न एकच विचारा: आकडे विखुरलेत की एकत्र राहून सरकलेत? विखुरले असतील तर नळीतला बुडबुडा, सैल जोडणी, ढवळणं, बुजलेला डायफ्रॅम, वजन किंवा पिपेट यांकडे बघा. रात्रभर पडलेल्या नळीत बुडबुडे हमखास दिसतात, म्हणून सकाळी ब्युरेट एकदा पूर्ण रिकामी करून भरा. नळी बोटाने टिचकी मारून बघितली की भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. भरण्याचा वेगही कमी करा, जोरात ओढलं की हवा सुटते. पिस्टनच्या खाली पांढरी पूड दिसली तर सील गेलंय आणि कॉस्टिक गळतंय.

एकत्र सरकले असतील तर टायटर, ब्लँक, पद्धतीत भरलेलं मोलर वस्तुमान, तापमान आणि ब्युरेटचं स्वतःचं आकारमान. शेवटचं वजनाने तपासा: २५ अंशांना १० मिली पाण्याचं हवेतलं वजन सुमारे ९.९६० ग्रॅम भरतं.

यापलीकडे नेमकं कुठे चुकतंय ते सांगणारी एक चाचणी आहे, आणि ती महिन्यातून एकदा तरी करावी. केएचपीची वेगवेगळी वजनं घ्या, ०.१ ग्रॅमपासून ०.३ ग्रॅमपर्यंत पाच-सहा. नेहमीच्याच पद्धतीने, ब्लँक वजा न करता चालवा. आडव्या अक्षावर वजन, उभ्या अक्षावर लागलेलं आकारमान, आणि एक्सेलमध्ये सरळ रेषा बसवा. रेषा शून्यातून न जाता वर छेदत असेल, तर वजन कितीही असो, तेवढं आकारमान दर वेळी जास्त जातंय. बहुतेक वेळा तो पाण्यातला कार्बन डायऑक्साइड असतो. पाणी उकळून पुन्हा करा, छेद खाली आला पाहिजे. रेषा शून्यातून जाते पण उतार अपेक्षेपेक्षा वेगळा आहे, तर टायट्रंटची ताकद किंवा ब्युरेटचं आकारमान चुकतंय. वजनाच्या तपासणीत ब्युरेट निर्दोष ठरली की उरतो टायट्रंट. टिंबं रेषेच्या दोन्ही बाजूंना उडालेली असतील, तर पुन्हा बुडबुडा शोधायला लागा. आणि वरच्या वजनांना रेषा वाकत असेल, तर आधी बघा की २० मिलीची ब्युरेट मध्येच पुन्हा भरली गेली का. ०.३ ग्रॅम केएचपीला १५ मिलीच्या आत टायट्रंट लागतो, तेव्हा प्रत्येक नमुन्याआधी ब्युरेट पूर्ण भरून घेतली तर ही वेळ येत नाही.