कल्ल्यांतला बिऱ्हाडकरू

शिपवर्म हा लांबट, पांढुरका, मऊ अंगाचा प्राणी अळीसारखा भासत असला, तरी तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. पुढच्या टोकाला असलेल्या दोन इवल्या शिंपांनी तो समुद्रातले लाकूड किसतो, त्यातच बोगदा करून राहतो आणि निघालेला भुसा खातो; लाकडी जहाजे आणि धक्क्यांचे खांब त्याने शतकानुशतके आतून पोखरले आहेत. मात्र लाकडात सेल्युलोज भरपूर असले, तरी नत्र अगदी नावापुरता असतो, आणि नत्राशिवाय प्रथिने बनत नाहीत. एवढ्या निकस आहारावर हा प्राणी पोसला जातो, तो कल्ल्यांमुळे.

या कल्ल्यांतल्या एका भागाला देशे या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या नावावरून पूर्वीपासून ‘देशे यांची ग्रंथी’ म्हटले जाई. प्रत्यक्षात तिथल्या पेशी जीवाणूंनी गच्च भरलेल्या असतात. १९८३ साली जॉन वॉटरबरी, रूथ टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्याने यांतला एक जीवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. त्याला अन्न म्हणून केवळ सेल्युलोज पुरत असे. चंबू जोराने हलवून भरपूर हवा खेळवली, तर नत्राचे क्षार वरून घालावे लागत. पण ऑक्सिजन अगदी कमी ठेवला, की तो हवेतलाच नत्र बांधून घेई, कारण हे काम करणारे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होते. लाकूड पचवणे आणि नत्र मिळवणे ही दोन्ही कामे एकाच जीवाणूकडे असणे, ही खरोखरच विलक्षण गोष्ट होती.

तरीही शंकेला जागा होती. चंबूत वाढलेला जीवाणू समुद्राच्या पाण्यातून किंवा लाकडावरून आलेला नाही, हे कशावरून? १९९१ मध्ये डॅनियल डिस्टेल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या रायबोसोमच्या (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएतील घटकांचा क्रम वाचला, त्या क्रमालाच चिकटेल असा शोधक रेणू तयार केला आणि तो कल्ल्यांतल्या जीवाणूंवर नेमका बसतो, हे दाखवून दिले.

या जीवाणूचे रीतसर वर्णन २००२ साली प्रसिद्ध झाले. ०.४ ते ०.६ मायक्रोमीटर जाडीची आणि ३ ते ६ मायक्रोमीटर लांबीची दंडाकार पेशी, एका टोकाला एकच कशाभिका (पोहण्यासाठीचा चाबकासारखा धागा), वाढीसाठी ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि समुद्राच्या पाण्याइतके कॅल्शियम व मॅग्नेशियम, अशी त्याची ओळख नोंदवली गेली. एका नमुन्यावर विसंबून न राहता शिपवर्मच्या २४ प्रजातींमधून मिळवलेले आणखी ५८ वाण तपासले होते. नव्या प्रजातीसाठी वंशही (जीनसही) नवा करावा लागला. तिचा प्रमाण वाण अमेरिकेतील व जर्मनीतील जीवाणू संग्रहांत ठेवला आहे, म्हणजे पुढे कोणालाही त्याच्याशी ताडून पाहता येते. रूथ टर्नर यांच्यावरून नाव ठरले टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी. शिपवर्मच्या वर्गीकरणात ज्यांचा अधिकार मानला जाई, त्या टर्नर २००० सालीच निवर्तल्या होत्या.

लाकूड पचते आतड्याकडच्या पिशवीत आणि जीवाणू राहतात कल्ल्यांत, हे कोडे मात्र उरलेच होते. बँकिया सेटेशिया या शिपवर्मवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, कल्ल्यांतल्या जीवाणूंनी बनवलेली काही निवडक विकरे पचनमार्गात सापडली.