चर्चच्या दारात पोलीस का थांबतात?

२६ ऑक्टोबर २०१८ ला नेदरलँड्समधल्या हेग शहरात, बेथेल चर्चमध्ये एक प्रार्थना सुरू झाली. ती संपली ३० जानेवारी २०१९ ला! ९६ दिवस, रात्रंदिवस. अखंड सप्ताहात वीणा खाली टेकत नाही, या हातातून त्या हातात जाते, तसे तिथे पाद्री पाळीपाळीने उभे राहत होते. कारण आत एक आर्मेनियन कुटुंब होतं, हद्दपारीच्या तोंडावर. आणि डच कायदा सांगतो की धर्मविधी चालू असताना पोलिसांनी प्रार्थनास्थळात शिरायचं नाही. कुणी गुन्हा करताना रंगेहाथ सापडत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे प्रार्थनेत खंड पडला की संरक्षण गेलं.

आता जर्मनीत या. तिथे चर्च-आश्रयाला, म्हणजे हद्दपारीच्या तोंडावरच्या माणसाला चर्चने आत ठेवून घेण्याला, कायद्याचा आधार नाही. तिथे सगळा खेळ तारखेचा.

युरोपच्या डब्लिन नियमानुसार माणूस ज्या देशातून युरोपात शिरला, बहुतेकदा त्याच देशाने त्याचा आश्रयाचा अर्ज तपासायचा. त्या देशाने होकार दिल्यापासून ६ महिन्यांत जर्मनीने त्याला तिकडे पाठवलं नाही, तर अर्ज जर्मनीच्याच गळ्यात. चर्च देतं ते हे उरलेले महिने.

पहिली चूक इथेच होते. लोक जर्मनीच्या नकाराच्या पत्रावरच्या तारखेपासून दिवस मोजतात. मोजायचं असतं त्या दुसऱ्या देशाच्या होकाराच्या तारखेपासून. आणि पाठवणी थांबवण्यासाठी कोर्टात तातडीचा अर्ज करून तो फेटाळला गेला, तर ६ महिने पुन्हा पहिल्यापासून!

दुसरी चूक म्हणजे लपवाछपवी. माणूस आत आला त्याच दिवशी चर्चने पत्ता लेखी कळवायचा: स्थलांतर कार्यालयाला, म्हणजे बाम्फला, आणि स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयालाही. पत्ता दडवला तर माणूस 'फरार' ठरतो आणि मुदत १८ महिने होते. २०२४ साली मंजूर झालेल्या नव्या युरोपीय नियमात तर ३ वर्षं. पत्ता माहीत असेल तर चर्चमध्ये राहणं म्हणजे फरार होणं नव्हे, हे जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय.

माणूस आत घेण्याआधी मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या, कार्यकारिणीचा ठराव हवा. एकट्या पाद्रीच्या शब्दावर हे करू नये. मग ४ आठवड्यांच्या आत बाम्फकडे प्रकरणाची फाइल: डॉक्टरांचे कागद, त्या दुसऱ्या देशात काय भोगलं त्याचा तपशील. "परिस्थिती वाईट आहे" एवढ्या मोघम वाक्यावर काही हलत नाही. नकार आला तर ३ दिवसांत बाहेर पडावं अशी बाम्फची अपेक्षा असते. बऱ्याच मंडळ्या तरीही ठेवून घेतात, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. मे २०२४ मध्ये लोअर सॅक्सनीतल्या बीनेनब्युटेलमध्ये पोलिसांनी चर्चच्या जागेतून एका रशियन कुटुंबाला उचललं आणि स्पेनला पाठवलं.

अमेरिकेत तर चर्चमध्ये शिरून धरपकड न करण्याचा संयम हे निव्वळ सरकारी धोरण होतं. जानेवारी २०२५ मध्ये ते मागे घेतलं. आता चर्चच्या खाजगी खोल्यांच्या दारात पाहायचं ते एकच: वॉरंटवर न्यायाधीशाची सही आहे, की स्थलांतर खात्याच्याच अधिकाऱ्याची?

जर्मनीत रोजचा खर्च सहसा मंडळीच्याच अंगावर पडतो. जेवणाचं जमतं. दाढ दुखली किंवा बाळंतपण आलं की खिसा फाटतो. म्हणून दार उघडण्याआधी होकाराची ती तारीख विचारा, आणि उरलेल्या महिन्यांचा हिशेब कागदावर मांडा.