वर्गाचं प्रत्येकावाचून काहीतरी अडू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

"आपापले गट करा." वर्गात हे वाक्य किती सहज बोललं जातं. पुढच्या अर्ध्या मिनिटात काय होतं ते मात्र नीट पाहा. नजरानजर होते, खुणा होतात, बाकं सरकतात आणि शेवटी दोन-तीन मुलं उरतात. ती वहीत डोकं खुपसून बसतात, जणू त्यांना गट नकोच होता. मग शिक्षक म्हणतात, "अरे, हिला घ्या कुणीतरी." आणि कुणीतरी घेतं, नाइलाजानं, सगळ्यांदेखत.

सहावी ते आठवीच्या वयात हे अर्धं मिनिट फार लांब असतं. अकरा ते चौदा वर्षांची ही मुलं. शरीर बदलत असतं, आवाज फुटत असतो आणि आईवडिलांच्या मतापेक्षा शेजारच्या बाकावरच्याचं मत जड वाटायला लागलेलं असतं. नेमक्या याच सुमारास अनेक ठिकाणी शाळा बदलते किंवा तुकड्या बदलतात, सगळे विषय शिकवणारे एकच शिक्षक जाऊन तासातासाला नवा चेहरा समोर येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये यावर बोट ठेवलं होतं. मुलांना जवळच्या, विश्वासाच्या माणसांची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच शाळा जास्त मोठी आणि जास्त परकी होते, आणि तिथला भर तुलनेवर येतो. या वयातली मुलं अभ्यासातून मन काढून घेतात, याचा सगळा दोष वयाला देता येत नाही.

मग शाळा काय करतात? एकतेवर भाषण होतं, भिंतीवर 'आपण सारे एक' असा फलक लागतो, वर्षातून एकदा कार्यक्रम होतो. त्यानं नुकसान काही होत नाही. पण मधल्या सुट्टीत जिन्यापाशी एकटी उभी राहणारी मुलगी दुसऱ्या दिवशीही तिथेच असते. माझं म्हणणं असं की, मूल वर्गाला आपला म्हणतं ते 'माझ्यावाचून इथं काहीतरी अडतं' असं त्याला वाटतं तेव्हा. नुसतं सामावून घेणं पुरत नाही. त्या मुलाची गरज पडायला हवी, आणि ती खरोखरची गरज हवी.

याच वयाच्या मुलांवर झालेला एक जुना प्रयोग सांगतो. १९५४ साली सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या ठिकाणी २२ मुलग्यांचं शिबिर भरवलं. मुलं साधारण अकरा वर्षांची, एकमेकांना अनोळखी. त्यांचे दोन गट करून सुरुवातीला वेगवेगळे ठेवले. मग दोन्ही गटांत सामने लावले आणि जिंकणाऱ्यांना बक्षिसं ठेवली. बघता बघता शिव्या सुरू झाल्या, झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर छापे पडले. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ही मुलं जवळ यावीत म्हणून त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र चित्रपट दाखवला, तरी भांडणं थांबली नाहीत. जेवण एकमेकांच्या अंगावर फेकण्यापर्यंत मजल गेली. फरक पडला तो शिबिराचं पाणी बंद पडल्यावर. बिघाड शोधायला सगळेच हवे होते. पुढे जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा दोन्ही गटांनी मिळून दोर ओढला. अशा कामांतून हळूहळू वैर ओसरलं आणि परतीचा प्रवास मुलांनी एकाच बसमधून केला.

मुलांना किंवा पालकांना खरा हेतू न सांगता केलेला असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. शिवाय त्याआधी, १९५३ मध्ये, शेरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यात असाच एक प्रयत्न केला होता, तो फसला. तिथं मुलं आधी एकत्र राहिली, त्यांची मैत्री झाली आणि नंतर गट पाडले गेले. ती मुलं मग ठरल्याप्रमाणे भांडलीच नाहीत. शिक्षकांनी या फसलेल्या प्रयोगाकडे जास्त लक्ष द्यावं, असं मला वाटतं. वर्षाचे पहिले दोन आठवडे मुलांना एकमेकांत मिसळू द्यायला खर्च केले, तर ते वाया जात नाहीत. आणि वर्गातल्या वर्गात सतत गटांचे गुण मोजणं, हरलेल्या गटाचं नाव फळ्यावर ठेवणं, हे या वयात तरी थांबवावं. हरलेला गट गुण कुणामुळे गेले ते शोधतो. तो 'कुणी' बहुतेक वेळा आधीच एकटा असतो.

गरज निर्माण करायची कशी? मला सर्वांत भरवशाची वाटते ती जिगसॉ पद्धत, म्हणजे तुकडे जोडून पूर्ण होणाऱ्या चित्रासारखी. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एकत्र शिकवायला सुरुवात झाली होती आणि वर्गावर्गांत तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरॉन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्ग पाहिले. शिक्षक प्रश्न विचारतात, सगळे हात वर करतात, एकाला संधी मिळते, बाकीचे हिरमुसतात आणि त्याचं उत्तर चुकावं म्हणून मनात धावा करतात. म्हणजे तंटा वर्गाच्या रचनेतच होता. त्यांनी रचनाच बदलली. पाच-सहा मुलांचा गट. धड्याचे तेवढेच भाग. प्रत्येकाला एकच भाग मिळणार आणि बाकीचा धडा त्याला सोबत्यांकडूनच शिकावा लागणार. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर आणि प्रत्येकाची वेगळी.

आता गटातलं एखादं मूल अडखळत बोलतं. पूर्वी त्याला हसणं फुकट होतं. आता त्याच्या भागाची माहिती दुसऱ्या कुणाकडेच नाही. हसलो तर आपलंच नुकसान. मग मुलं थांबायला शिकतात, "म्हणजे नक्की कसं?" असं विचारायला शिकतात, त्याच्या तोंडून ते काढून घेतात. हे पहिल्या दिवशी होत नाही. पहिल्या एक-दोन वेळा गोंधळच होतो, कुणी रागावतं, हुशार मूल म्हणतं की मी एकट्यानं हे लवकर केलं असतं. तिथं शिक्षकानं पद्धत सोडू नये. एक काळजी मात्र जरूर घ्यावी. एकच भाग मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसवावीत, त्यांनी तो भाग मिळून समजून घ्यावा, कसा सांगायचा याची तयारी करावी आणि मग आपापल्या गटात परतावं. ही पायरी गाळली, तर कच्चं मूल गटासमोर उघडं पडतं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्यालाच ते बोचतं. हे गट शिक्षकांनीच पाडायचे, आदल्या दिवशी, नावांची यादी समोर घेऊन.

यादी समोर घेतली तरी कोण कुणाजवळ आहे, हे मोठ्यांना दिसतंच असं नाही. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये मुलांच्या निवडींवरून नात्यांचे नकाशे काढून दाखवले. कृती सोपी आहे. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं की मला कुणाशेजारी बसायला, कुणाबरोबर काम करायला आवडेल. दोन-तीन नावं. शिक्षकानं घरी जाऊन निवडणाऱ्याच्या नावाकडून निवडलेल्याच्या नावाकडे बाण काढायचे. एखादं नाव असं निघतं की ज्याच्याकडे एकही बाण आलेला नाही. कधीकधी ते वर्गातलं सर्वांत बोलकं मूल असतं. हा कागद कुणालाही दाखवायचा नाही, सहकाऱ्यालाही सहज म्हणून नाही. आणि 'कोण नको' हा प्रश्न विचारायचाच नाही.

याच नकाशाचा दुसरा उपयोग मानसशास्त्रज्ञ बेट्सी लेव्ही पलक यांच्या गटानं केला. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या ५६ माध्यमिक शाळांत त्यांनी मुलांना विचारलं की, तुम्ही गेल्या काही आठवड्यांत कुणाकुणाबरोबर वेळ घालवलात. मग निम्म्या शाळांत मुलांचा एक छोटा गट निवडला आणि तुमच्या शाळेतली रोजची भांडणं कोणती, त्यांवर काय करता येईल, हे त्यांनाच ठरवू दिलं. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या शाळांत भांडणांबद्दलच्या शिस्तभंगाच्या नोंदी वर्षभरात सुमारे ३० टक्क्यांनी कमी होत्या. ज्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं अशी मुलं त्या गटात जास्त असली, की परिणामही जास्त दिसला. आपण मात्र अशा कामाला शहाणी, नीटनेटकी, शिक्षकांची आवडती मुलं निवडतो. मागच्या बाकावरच्या कंपूचा म्होरक्या त्यात कधीच नसतो.

रोजच्या कामांबद्दल थोडं. फळा पुसणं, वह्या गोळा करणं ही कामं एकाच मॉनिटरकडे वर्षभर असतात. ती वाटावीत, फिरती ठेवावीत. पण त्याहून मोलाचं एक काम आहे, गैरहजर मुलाची दखल घेण्याचं. आठवड्याला दोन मुलांवर ही जबाबदारी. कोण आलं नाही ते पाहायचं, त्याच्यासाठी टिपणं राखून ठेवायची, घरी निरोप पोचवायचा, आणि ते मूल परत आलं की त्याच्याजवळ बसून काय काय झालं ते सांगायचं. आपण नव्हतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं, याचं त्या मुलाला किती वाटतं हे पाहायचं असेल, तर आठवडाभर आजारी पडून परतलेल्या मुलाचा चेहरा पाहावा. नव्यानं आलेल्या मुलाचंही तसंच. त्याला वर्गासमोर उभं करून "स्वतःबद्दल सांग" म्हणणं या वयात शिक्षा आहे. त्याऐवजी पहिल्याच तासाला कुणाबरोबर तरी काम द्यावं.

आठवड्यातून एकदा गोल करून बसावं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि 'मला आज बोलायचं नाही' म्हणायची मुभा असावी. मुलांकडून मनातलं काढून घेण्याची घाई करू नये. तिथं खरे निर्णय मात्र व्हावेत. बसण्याची व्यवस्था कशी असावी, सामायिक साहित्य कसं वापरावं, कुणाचं काही मोडलं तर भरपाई कशी करावी. निर्णय आधीच झालेला असेल आणि मुलांना नुसतं विचारल्यासारखं केलं, तर ते त्यांना लगेच कळतं आणि पुढच्या वेळी ती तोंड उघडत नाहीत.

आणखी एक गोष्ट, फार साधी. या वयात प्रत्येकाला वाटतं की बाकी सगळे मजेत आहेत, मीच एकटा उपरा आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या सहावीच्या मुलांना, मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला देऊन त्यावर थोडं लिहायला सांगितलं गेलं. आम्हालाही सुरुवातीला असंच वाटायचं, नंतर ते कमी झालं, असे ते अनुभव होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या मुलांची हजेरी सुधारली आणि नापासाचे शेरे कमी झाले. आठवीतल्या मुलांकडून सहावीसाठी अशी पत्रं लिहून घेणं कोणत्याही शाळेला जमण्यासारखं आहे.

पालकांनो, तुमच्याकडे वळतो. मुलांचे फोनवरचे ग्रुप वर्गाइतकेच खरे असतात. वर्गातल्या एकाला वगळून ग्रुप केलेला तुम्हाला दिसला, तर 'मुलांचं मुलं बघतील' म्हणून सोडू नका. आपल्या मुलाशी शांतपणे बोला. त्यानं तो ग्रुप केला नसेल, पण तो त्यात आहे. आणि पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका हातात घेण्याआधी वर्गशिक्षकांना एक प्रश्न विचारा की, माझ्या मुलावर या वर्गात कोणतं काम सोपवलं आहे, ज्याची इतरांनाही गरज लागते? उत्तर मिळालं नाही, तर काय सोपवता येईल ते तिथेच बसून दोघांनी ठरवा. त्या मुलालाही सोबत बसवा.

नमस्कार.