बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट चढत होतो. मे महिन्यातली भर दुपार, पुढे सिमेंटचा ट्रक, आणि त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगणारी माझी गाडी. 2004 सालची, म्हणजे माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. दोन वळणं झाली आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण चालू केला. शेजारून प्रश्न आला, "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

डोकं ठिकाणावर होतं. रेडिएटर म्हणजे इंजिनातली उष्णता वाऱ्याला देणारी नळ्यांची जाळी, आणि हीटर हा डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच. तो चालू केला की इंजिनातली थोडी उष्णता गाडीच्या आत येते आणि इंजिनावरचा भार तेवढा हलका होतो. उन्हाळ्यात आपल्याला घाम फुटतो, पण इंजिन वाचतं. मात्र त्या दिवशी गंमत अशी झाली, की काटा लाल पट्टीजवळ आणि हीटरमधून येणारा वारा साधाच, बाहेरच्या हवेसारखा. याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, आणि कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली पाहिली. प्लॅस्टिकची, बाजूला मॅक्स आणि मिनच्या खुणा असलेली. कूलंट बरोबर मॅक्सवर! गेले दोन महिने मी दर रविवारी हीच बाटली बघत होतो आणि समाधानानं बॉनेट लावत होतो.

रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडलं नाही. तुम्हीही उघडू नका. त्या झाकणावर बहुधा 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तितके बार जास्त दाब. आत तेवढा दाब धरून ठेवायचा, हे त्या झाकणाचं काम. 0.9 दाबाखाली साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण फिरवलंत की दाब एका क्षणात जातो आणि आतलं उकळतं पाणी वाफेसकट तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो. मग ओलं फडकं ठेवून झाकण हळूहळू सैल केलं. आत पाहिलं तर काहीच दिसेना. जवळचं पिण्याचं पाणी ओतलं, दीड लिटर मावलं.

बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. हे कसं काय?

त्या झाकणात दोन झडपा असतात. इंजिन तापलं की कूलंट फुगतो, मोठी झडप उघडते आणि जास्तीचा कूलंट बाटलीत जातो. गाडी गार झाली की आत पोकळी तयार होते, छोटी झडप उघडते आणि तोच कूलंट परत ओढला जातो. पण कुठं बारीकशी फट असेल, तर गार होताना गाडी बाटलीतून कूलंट ओढण्याऐवजी त्या फटीतून हवा ओढते. स्ट्रॉला चीर गेली की कितीही ओढा, उसाचा रस काही वर येत नाही, तसं. हीटर थंड का होता, तेही यातच आलं. त्याच्या नळ्यांत कूलंटऐवजी हवा होती. म्हणून जुनी गाडी असेल तर नुसती बाटली बघू नका. सकाळी, गाडी पूर्ण गार असताना, झाकण काढून रेडिएटरच्या तोंडाशी बघा.

पहिल्या गॅरेजमध्ये दोन मिनिटांत निकाल लागला: "हेडगॅस्केट गेलं. पंधरा हजार धरून चला." आता हेडगॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं पातळ पॅकिंग, जातं, नाही असं नाही. पण गेलं तर काही खुणा दिसतात. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो, कधी ऑइलची पट्टी काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. तपासायला एक निळं औषधही मिळतं. रेडिएटरमधली हवा त्यातून जाऊ दिली आणि तिच्यात इंजिनाचा जळका वायू असला, की ते पिवळं पडतं. इथं यातलं काहीच नव्हतं. पण गाडीखाली थेंबही नव्हता, त्यामुळे ठामपणे नाही म्हणायची माझीही हिंमत होईना.

घरी येऊन वॉशिंग मशिनच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली अंथरला. सकाळी त्यावर ओला डाग! मी खूश. बोट लावलं तर नुसतं पाणी, ना वास ना चिकटपणा. एसीचं पाणी ते. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतो. मात्र चाखून बघू नका, त्यातलं ग्लायकॉल गोड असलं तरी विष आहे, आणि गल्लीतली कुत्री त्या गोडीनं ते चाटतात. सांडलं तर भरपूर पाण्यानं धुऊन काढा.

दरम्यान सल्ले आलेच. रेडिएटरमध्ये हळद टाक, हा त्यातला सर्वांत आवडता. ट्रकवाल्यांचा जुना तोडगा आहे. हळद फुगून भोक बुजवते हे खरं, पण रेडिएटरच्या बारीक नळ्याही तीच बुजवते. आडरानात अडकलात तर गाव गाठण्यापुरती ठीक.

शेवटी जुन्या गाड्या करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "साहेब, गरम गाडीत लिकेज कसलं शोधताय? रात्रभर सोडा इथंच. सकाळी गार असताना बघू."

सकाळी सातला मी हजर. त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवला. सायकलच्या पंपासारखाच, फक्त दाबाचा काटा असलेला. झाकणावरच्या आकड्याएवढी, 0.9 पर्यंत हवा भरली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत काटा 0.6 वर आला होता. मग बॅटरी आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन शोध सुरू झाला. रेडिएटर कोरडा. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पोटाशी एक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून गळतं, तेही कोरडं. आरसा इंजिनाच्या मागे गेला, जिथून हीटरचे दोन होज पाइप डॅशबोर्डकडे जातात. एका पाइपच्या टोकाशी मोत्याएवढा थेंब धरला होता. बघता बघता तो सुटला आणि खाली गिअरबॉक्सच्या पाठीवर पडला. तिथं हिरवट पांढरी पापडी जमली होती, कैक थेंब वाळून झालेली.

म्हणून जमिनीवर कधी काही पडलं नाही. जे गळायचं ते गरम गिअरबॉक्सवर सुकून जायचं. शिवाय गाडी तापली की आतली धातूची नळी फुगून फट मिटायची, गार झाली की पुन्हा उघडायची. रबर इतकं कडक झालं होतं, की क्लिप शेवटच्या आट्यापर्यंत आवळूनही पकड येत नव्हती.

नवा होज, दोन क्लिपा आणि मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. घाटात ओतलेलं पाणी काढून टाकून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. बोअरच्या पाण्याचे क्षार आत साचतात, आणि नुसतं पाणी वर्षानुवर्षं वापरलं की इंजिनाच्या कुशीतल्या पत्र्याच्या चकत्या, ज्यांना गॅरेजात डॉलर म्हणतात, त्या गंजून भोकं पडतात. भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवलं होतं, झाकण उघडं, हीटर चालू. अडकलेली हवा बुडबुड करत बाहेर येईपर्यंत मिस्त्री वरचा पाइप हातानं दाबत राहिले, गाईची धार काढावी तसा. हीटरमधून गरम झोत आला तेव्हाच त्यांनी झाकण लावलं.

पुठ्ठा मी अजून काढलेला नाही. गेल्या आठवड्यात त्यावर पुन्हा एक डाग दिसला. धावत जाऊन बोट लावलं. ऑइल निघालं. त्याबद्दल पुढे कधीतरी. नमस्कार.