एक नाव, दोन मालक, मध्ये एक रेघ

[स्क्रीनवर: गोळ्यांच्या जुन्या स्ट्रिपची मागची बाजू]

घरातल्या औषधांच्या डब्यात इव्हिऑन नाहीतर न्यूरोबिऑनची एखादी जुनी स्ट्रिप पडलेली असेल ना, तर ती उलटी करून बघा. कंपनीचं नाव मर्क आणि खाली अगदी बारीक अक्षरात पत्ता, उसगाव, गोवा. आपल्या फोंड्याजवळचं उसगाव. 2018 मध्ये हा सगळा धंदा प्रॉक्टर अँड गॅम्बलने घेतला, पाटी बदलली, पण जुन्या स्ट्रिपवर नाव आहे ते मर्कच.

आता जरा 2021 आठवा. कोविडवर मोलनुपिराविर नावाची गोळी येणार म्हणून टीव्हीवर नुसतं मर्क मर्क चाललं होतं. ती मर्क वेगळी, उसगाववाली वेगळी. उसगाववाली जर्मन, टीव्हीवरची अमेरिकन, आणि गंमत म्हणजे दोघींपैकी डुप्लिकेट कोणीच नाही.

झालं असं की जर्मनीत डार्मस्टाट गावी 1668 मध्ये मर्क घराण्याने औषधाचं एक दुकान घेतलं, तिथून कंपनी वाढली, 1891 मध्ये घराण्यातलाच एक जण न्यूयॉर्कला जाऊन शाखा सांभाळायला लागला, सगळं सुरळीत. मग पहिलं महायुद्ध. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारने ती शाखा ताब्यात घेतली, युद्ध संपल्यावर ती जर्मनांना परत मिळालीच नाही, स्वतंत्र अमेरिकन कंपनी झाली. नाव मात्र दोन्हीकडे तेच.

मग काय, भांडत बसणार किती? आधी 1955 आणि मग 1970 मध्ये दोघांनी बसून लेखी वाटणी केली. अमेरिका आणि कॅनडात मर्क हे नाव अमेरिकन कंपनीचं, बाकी जगात जर्मनांचं. म्हणून अमेरिकन कंपनी आपल्याकडे एमएसडी म्हणून येते आणि जर्मन कंपनी अमेरिकेत गेली की ईएमडी म्हणून वावरते. घरच्या वाटणीत माडाखालची जागा कुणाची आणि विहीर कुणाची हे लिहून घेतात ना, तसंच.

ह्याला को-एक्झिस्टन्स अॅग्रीमेंट म्हणतात. इथे कोणी कोणाला नाव भाड्याने देत नाही, रॉयल्टी नाही, तू तुझ्या हद्दीत मी माझ्या हद्दीत, कोर्टात कोणी जायचं नाही, बस्स. हद्द गावाची असू शकते, मालाची असू शकते, नाहीतर नुसती रंगाची आणि लोगोची.

मालाच्या हद्दीचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अॅपल. बीटल्स बँडवाल्यांची अॅपल कोअर 1968 ची, कॉम्प्युटरवाली अॅपल नंतरची. 1981 मध्ये समझोता झाला, कॉम्प्युटरवाल्यांनी 80,000 डॉलर दिले आणि कबूल केलं की आम्ही संगीताच्या धंद्यात येणार नाही. त्यावेळी कॉम्प्युटर गाणं वाजवेल असं कोणाच्या डोक्यात होतं? थोड्याच वर्षांत कॉम्प्युटरातून सूर निघायला लागले, परत कोर्ट, 1991 मध्ये नवीन करार, ह्यावेळी 2.65 कोटी डॉलर मोजले. मग आयट्यून्स हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान आलं, परत भांडण! 2006 मध्ये लंडनच्या कोर्टाने करार शब्द न् शब्द वाचला आणि म्हटलं की सफरचंदाचं चिन्ह गाण्यांवर नाही, गाणी विकणाऱ्या दुकानावर आहे, आणि तेवढं कराराला चालतं. शेवटी 2007 मध्ये अॅपलचे सगळे ट्रेडमार्क कॉम्प्युटरवाल्यांनी स्वतःकडे घेतले आणि त्यातले काही बीटल्सवाल्यांना वापरायला परत दिले. म्हणजे करारांवर करार झाले आणि शेवटी एकच मालक उरला.

मला विचाराल तर हे करार बेइमानीने कमी आणि नवीन काहीतरी आल्यामुळे जास्त मोडतात. मर्कचंच बघा ना, 1970 ची वाटणी देशांची होती आणि इंटरनेटला देशच नाही. 2011 मध्ये जर्मन मर्क न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली, कशासाठी, तर फेसबुकवरचं मर्क नावाचं पेज आपल्या हातून गेलं म्हणून! नंतर ब्रिटनमध्ये केस झाली, अमेरिकन कंपनीची वेबसाइट तिथल्या लोकांनाही दिसते, मग तो तिथे नावाचा वापर झाला की नाही ह्यावर, आणि 2016 मध्ये कोर्टाने सांगितलं की झाला, करार मोडला.

आपल्या देशातलं हल्दीराम घ्या. घरातली पार्टनरशिप 1974 मध्ये मोडली तेव्हा लिहिलं गेलं की नाव पश्चिम बंगालमध्ये घराण्याच्या एका शाखेचं, बाकी भारतात दुसऱ्या शाखेचं. 1991 मध्ये कोलकाताकडच्यांनी दिल्लीत करोल बागला दुकान काढलं आणि प्रकरण पेटलं ते 2000 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत, आणि तिथे मुद्दा नावाचा नव्हताच, फर्म रजिस्टर नसताना दावा चालतो का एवढाच होता, तो चालतो असं ठरलं.

[दृश्य: बाजारातल्या काजूच्या दुकानांच्या पाट्या]

आता आपल्या गावात या. समजा दोन चुलतभाऊ आहेत, एकाचं काजूचं दुकान म्हापशात, एकाचं मडगावात, दोघांच्या पाटीवर आजोबांचंच नाव. इतकी वर्षं काही अडलं नाही कारण म्हापशाचं गिऱ्हाईक मडगावला कशाला जाईल. मग म्हापसावाला ट्रेडमार्कला अर्ज करतो, क्लास 29 म्हणजे मालाचा वर्ग, भाजलेले खारवलेले काजू त्यातच येतात. गोव्याचे अर्ज मुंबईच्या ऑफिसखाली. तिथून एक्झामिनेशन रिपोर्ट येतो, कलम 11 ची हरकत, ह्या नावाचा मार्क आधीच आहे, आणि तो असतो मडगावच्या चुलतभावाचा! उत्तराला एक महिना. वकील म्हणतो, जा, भावाची एनओसी घेऊन ये.

1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात ह्याला वाट आहे. आधीच्या मालकाने संमती दिली तर रजिस्ट्रार दुसऱ्यालाही नोंदणी देऊ शकतो, आणि कलम 12 प्रमाणे दोघं प्रामाणिकपणे एकाच वेळी नाव वापरत आलेले असतील तरी देऊ शकतो. देऊ शकतो म्हणजे देईलच असं नाही हं, गिऱ्हाइकाचा घोळ होणार असं वाटलं तर एनओसी असूनही अडू शकतं. मडगाववाल्यानेही लक्षात ठेवावं, समोरच्याने नाव प्रामाणिकपणे रजिस्टर करून वापरलं, तुम्हाला माहीत असून सलग पाच वर्षं काही बोलला नाहीत, तर नंतर ते रद्द करा म्हणून जाता येत नाही, कलम 33.

पण लोक काय करतात, एका ओळीची एनओसी टाइप करतात, 'माझी हरकत नाही', सही, शिक्का, झालं. काय विकायचं, कुठे विकायचं, पाकिटाचा रंग कोणता, काहीच नाही. दोघांचंही डब्ल्यू-320 ह्या ग्रेडच्या काजूचं पाकीट लाल आणि वर आजोबांचा तोच फोटो, विमानतळावर गिऱ्हाइकाने कोणाचं उचललं ते देवालाच ठाऊक. आणि उद्या एकाने फेणीची बाटली काढली तर? फेणी हा शब्द 2009 पासून जीआय, म्हणजे त्या प्रदेशाच्या नावे नोंदलेला आहे, तो कोणा एकाचा नाही, भांडण त्याच्या पुढे लावलेल्या आजोबांच्या नावाचं होणार.

म्हणून बसून लिहा. फेणी कोण काढणार, इन्स्टाग्रामचं हँडल कोणाचं, डिलिव्हरी अॅपवर नावापुढे म्हापसा आणि मडगाव लावायचं की नाही, चुकून एकाची ऑर्डर दुसऱ्याकडे आली तर ती पुढे पाठवायची की कॅन्सल करायची. भाव मात्र दोघांनी मिळून ठरवू नका, तो कॉम्पिटिशन अॅक्टचा वेगळा ताप आहे. आणि एक कलम जे घरातल्या माणसांना लिहायला अवघड वाटतं, वारसांचं आणि विकत घेणाऱ्याचं. कारण हे दोघे भाऊ आहेत तोवर चतुर्थीला एका पंगतीत बसून मिटवतील, पण उद्या म्हापसावाल्याच्या मुलाने दुकान नावासकट दिल्लीच्या पार्टीला विकलं, तर तो नवा मालक मडगावात शाखा काढायला आल्यावर त्याच्यापुढे धरायला मडगाववाल्याकडे हाच कागद असणार, आणि त्यात विकत घेणाऱ्याचा उल्लेखच नसेल तर तो म्हणेल, मी कुठे सही केली होती?